कबरीकडे बोट दाखवू नये

सोमवार, ५ जून

आज पुन्हा हरलो. सलग तिसरा सोमवार.

आठच्या ठोक्याला नगरपालिकेचं कबर-नोंदणीचं पान उघडलं. मी 'नोंदवा'वर बोट दाबेपर्यंत शनिवारी सकाळी नऊची वेळ आणि फाटकाजवळची कबर, दोन्ही 'शेवटचा दिवा'वाल्यांनी नेली होती. आमच्या 'विसावा' अंत्यविधी केंद्राच्या वाट्याला दुपारचे दोन, आणि कबर टेकडीवर.

आमच्या या एमतोंजेनी गावात माणूस कुठल्याही वारी मरो, त्याला पुरायचं शनिवारी. केपटाउन-जोहान्सबर्गला कामाला गेलेली लेकरं शुक्रवारच्या बसने येतात. नऊला पुरलं की अकराला ताटं वाढता येतात. दोनला पुरायचं म्हणजे पाहुणे उपाशी, प्यायलेले आणि भांडायला मोकळे. या शनिवारचं दफन ज्यांच्याकडे आहे, त्या म्बाने कुटुंबाच्या थोरल्या सुनेला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या सासऱ्यांना जन्मात कुणी ताटकळत ठेवलं नव्हतं. तुमच्या बोटाने ठेवलं."

आमचे मालक ताता मदिंगी म्हणाले, "सिसेको, तुझं बोट शवपेट्या वाहून तयार झालंय. 'शेवटचा दिवा'च्या त्या नोलुंदीचं बोट चौदा वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसलेलं आहे. तुझं कसं व्हायचं?"

संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन वेग मोजला. पाच सेकंदांत एकवीस क्लिक. म्हणजे सेकंदाला चार पूर्णांक दोन. कॅफेवाल्याने आधी माऊस बदलून दिला, मग खुर्ची. मग म्हणाला, "भाऊ, आता फक्त तुम्हीच बदलायचे राहिलात."

बुधवार, ७ जून

शास्त्रशुद्ध सुधारणा सुरू. पद्धती दोन आहेत असं कळलं. एक, सगळा हात थंडी वाजल्यासारखा थरथरवायचा. दुसरी, दोन बोटं आळीपाळीने मारायची. पहिल्या पद्धतीने चहा सांडला. दुसऱ्या पद्धतीने माझी बोटंच एकमेकांत अडकली.

ताता मदिंगींनी हुकूम काढला की माझं उजवं पहिलं बोट आजपासून केंद्राची मालमत्ता आहे. त्याने पेटी उचलायची नाही, हस्तांदोलन करायचं नाही. बोटावर लोकरी मोजा चढवलाय. शोकाकुल मंडळींना मी आता कोपर देतो. चर्चच्या थोरल्या बाईंनी कोपर धरून विचारलं, "कुत्रा चावला का रे?"

शुक्रवार, ९ जून

सकाळी एक म्हातारी आली. हातात काठी, काखेत कडेला जळका डाग असलेलं गुलाबी प्लास्टिकचं भांडं, त्यात गरम आमाग्विन्या. तेलात तळलेले ते पिठाचे गोळे पाहून माझं लक्ष जरा विचलित झालं, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

"कोणासाठी आलात, मा?"

"माझ्यासाठी."

"पण तुम्ही तर जिवंत आहात."

"ते काय कायमचं आहे?"

या माभेले. वय एक्क्याऐंशी. त्यांचे यजमान ताता झोलानी सहा वर्षांपूर्वी गेले, ते फाटकाजवळ चारशे सतरा नंबरमध्ये आहेत. शेजारची चारशे अठरा इतकी वर्षं झाडाच्या बुंध्यामुळे अडून होती. आता नगरपालिकेने बुंधा काढला, आणि तीन जुलैपासून ती कुणालाही मिळणार. माभेलेंना ती हवी आहे.

मी नियम सांगितला. जिवंत माणसाच्या नावावर कबर नोंदवता येत नाही.

"माहीत आहे. म्हणूनच तुझं बोट बघायला आले. मी गेल्यावर मला भांडायला येता येणार नाही." मग भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तो बोलला असेल चाळीस वाक्यं. मी शेजारी नसले तर त्याला तिथे कुणी ओळखायचंसुद्धा नाही."

"आणि तुमच्या दुसऱ्या बाजूला?"

"ते नशिबावर. ऐकून घेणारा मिळाला तर बरं. एका बाजूला तरी नको का?"

मी पाच सेकंद चाचणी करून दाखवली. चार पूर्णांक सहा. त्यांनी काठी उचलली. "एवढ्यात मी तीनदा मरेन."

गुरुवार, १५ जून

सोमवारी हरलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आज माभेले मोठ्या उत्साहात आल्या. ताता मदिंगींकडून त्यांना कळलं होतं की सगळा प्रश्न क्लिकच्या वेगाचा आहे. आता 'क्लिक' हा शब्द त्यांना शाळेपासून ठाऊक. मिशनच्या गोऱ्या बाई आमच्या खोसा भाषेतल्या जिभेच्या टाळीला 'क्लिक' म्हणायच्या आणि वर्गात ती वाजली की छडी मारायच्या. माभेलेंना वाटलं, नगरपालिकेला उशिरा का होईना शहाणपण सुचलं. त्या पडद्यासमोर ताठ बसल्या आणि रानमांजर लोळून लोळून त्याचा घसा कसा फुटला ते वाक्य एका दमात म्हणाल्या. त्यात शब्दाशब्दाला टाळूवर जीभ वाजते. पाच सेकंदांत एकतीस टाळ्या, मी स्वतः मोजल्या. पडद्यावर शून्य.

"बहिरं आहे का हे?"

मी माऊस दाखवला. कुठे दाबायचं, पडद्यावरच्या चौकोनात कुठली कबर रिकामी, सगळं बोट ठेवून समजावलं. तशा त्या किंचाळल्या.

"कबरीकडे बोट दाखवतोस! चाव! चाव ते बोट आधी!"

आता हे मलाही लहानपणापासून माहीत आहे. कबर दाखवायची तर मुठीने किंवा वाकवलेल्या बोटाच्या गाठीने. सरळ बोट दाखवलं तर ते झडतं, आणि चुकून दाखवलंच तर लगेच चावायचं. पण पडद्यावरची कबर ही कबर धरायची हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दिवसाला किती दाखवतोस?"

"चाळीसेक."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून."

त्यांनी डोळे मिटून हिशोब केला. मग म्हणाल्या, "बोट जड होईल नाही तर काय? अर्धं तर तिकडेच गेलंय." चहा निवेपर्यंत मी बोट चावत बसलो. ताता मदिंगी दारातून पाहून आल्या पावली परत गेले.

त्यानंतर माभेलेंनी मला बोट वाकवून गाठीने मारायला लावलं. सहा पूर्णांक आठ! मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. पुन्हा मोजलं. सात.

गुरुवार, २२ जून

माभेले रोज येतात. त्या रानमांजराचं वाक्य म्हणतात, मी त्यांच्या जिभेच्या तालावर गाठ मारतो. त्या थांबल्या की थांबायचं, त्या धावल्या की धावायचं. मधल्या वेळात गोष्टी ऐकायच्या. झोलानींनी लग्नाची मागणी कशी घातली (घातलीच नाही, माभेलेंच्या बापाच्या गोठ्यासमोर दोन दिवस उभे राहिले). एका हिवाळ्यात गाय कशी हरवली. मी गोष्टी सरावाचा भाग म्हणूनच ऐकतो, पण आज काम संपल्यावर माझ्या लक्षात आलं की गाईचं पुढे काय झालं ते विचारायचं राहिलं, आणि बराच वेळ चैन पडलं नाही.

त्यांनी आमचा जुना माऊस घरी सरावाला मागून नेला. "शेपूट आहे, डोळे नाहीत, आणि म्हणे उंदीर," म्हणाल्या. त्यांच्याकडे संगणक नाही. वायर टेबलाच्या पायाला बांधतात.

जिना चढताना त्यांना दोनदा बसावं लागलं. आमच्याकडे जून-जुलै म्हणजे हिवाळा, आणि यंदा थंडी फार आहे.

वेग: सात पूर्णांक आठ.

सोमवार, २६ जून

जिंकलो!! सकाळी नऊ, फाटकाजवळ, चारशे बारा. आठ पूर्णांक चार. ताता मदिंगींनी मला मिठी मारली, बोट मात्र मिठीच्या बाहेर धरून ठेवलं.

दहा वाजता 'शेवटचा दिवा'मधून नोलुंदीचा फोन, आदराने माझ्या कुळाच्या नावाने हाक मारत. "अभिनंदन, रादेबे. गाठीने मारता ना आता?"

मी गारच पडलो. हे तिला कसं कळलं? आमच्यात कुणीतरी फितूर आहे. गाडी धुणाऱ्यावर माझा संशय आहे.

बुधवार, २८ जून

हेरगिरी करायला 'शेवटचा दिवा'वरून दोनदा चालत गेलो. काचेतून नोलुंदी दिसली. चाळिशीची बाई, एकटी राहते, दिसायला शांत. पण बोट! शिवणयंत्र परवडलं. तिच्या टेबलावर गुलाबी प्लास्टिकचं भांडं होतं, कडेला जळका डाग. अगदी माभेलेंच्या भांड्यासारखा. एकाच कारखान्यातला दोष असणार.

तिने मला पाहिलं आणि हात हलवला. मी कोपर हलवलं.

सोमवार, ३ जुलै

चारशे अठरा आज पडद्यावर आली. हिरवा चौकोन. ती आज कुणी नेली तर सगळं फुकट. आमच्याकडे एक दफन होतं, त्यासाठी मी चारशे वीस घेतली. नऊची वेळ मात्र नोलुंदीने नेली, पण तिने घेतली चारशे एकवीस. चारशे अठरा तिच्या अगदी डोळ्यांसमोर होती! दिसली नसेल. चष्म्याचा नंबर वाढला असणार. एवढ्या चांगल्या प्रतिस्पर्ध्याचं असं व्हावं याचं वाईट वाटलं.

माभेलेंना जाऊन सांगितलं. त्या अंथरुणावर होत्या. म्हणाल्या, "तिला दिसली नाही म्हणतोस? बरं, बरं." आणि खोकला येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "किती झाले?"

"नऊ पूर्णांक दोन."

"अजून थोडं. मी थांबते."

शुक्रवार, ७ जुलै

माभेले काल दुपारी गेल्या. झोपेतच. त्यांची भाची सांगायला आली तेव्हा मी चाचणी करत होतो. नऊ पूर्णांक आठ झाले होते आणि ते त्यांना सांगायचे होते.

बावीस वर्षं या धंद्यात आहे. कुणासाठी रडलो नव्हतो. काल पेट्यांच्या खोलीत जाऊन रडलो. गाय सापडली की नाही ते राहूनच गेलं.

सोमवार, १० जुलै

माभेलेंचं नाव, दाखल्याचा नंबर, सगळं आधीच भरून ठेवलं. आठला पाच सेकंद असताना सुरू केलं. मनातल्या मनात रानमांजर लोळायला लागलं. खोलीत कोणी नव्हतं तरी जिभेची टाळी ऐकू येत होती, खोटं कशाला लिहू. गाठ माझी राहिलीच नव्हती.

त्रेपन्न. पाच सेकंदांत त्रेपन्न. दहा पूर्णांक सहा.

चारशे अठरा, शनिवार, सकाळी नऊ. मिळाली. ताता मदिंगींनी डोळे पुसले. म्हणाले, "अशी लढत झाली नाही या गावात."

पण यादी पाहिली तर नोलुंदीचं नाव कुठेच नाही. फोन केला.

"चहा करायला गेले होते," ती म्हणाली.

"सोमवारी? आठ वाजता?"

"तहान लागली, रादेबे."

वय होतंय बिचारीचं.

संध्याकाळी. पावत्या दोन आल्या आहेत. चारशे अठरा: माभेलेंचं नाव. चारशे एकोणीस: सिसेको ह्लाथी. म्हणजे मी. पहिली कबर लागल्यावर मृताचा रकाना रिकामा झाला, माझी गाठ काही थांबली नाही, आणि यंत्राने रिकाम्या जागी समोर बसलेल्या माणसाचं नाव भरलं. शनिवारी सव्वानऊला माझं दफन आहे.

बुधवार, १२ जुलै

नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या फुम्ला बाईंनी पडदा पाहिला, मग मला पाहिलं.

"जिवंत माणसाच्या नावावर कबर नोंदवता येत नाही," त्या म्हणाल्या.

"तेच तर. मी जिवंत आहे."

"मग नोंद झाली नसती. झाली आहे, म्हणजे..." त्यांनी सभ्यपणे खाली पाहिलं. "रद्द करायला वारसाचा अर्ज लागतो. तुमचे वारस कोण?"

"कोणी नाही."

"मग रद्द कोण करणार?"

अर्जाचा कागद घेऊन परत आलो. भूक मात्र सपाटून लागली होती, हा एक पुरावा.

शनिवार, १५ जुलै

पहाटे गवतावर दव गोठलं होतं. नऊला माभेलेंना आणलं. चारशे सतराशेजारी खड्डा तयार. आणि त्याच्या शेजारी आणखी एक तयार, डोक्याशी पाटी: सिसेको ह्लाथी.

माभेलेंचं सगळं रीतसर झालं. गाणी झाली, माती झाली. ताता झोलानी त्यांच्या शेजारी नेहमीसारखेच गप्प होते. मला वाटलं होतं मी जिंकल्याचा आनंद होईल. तो झाला नाही, नुसतं बरं वाटलं.

मग खणणाऱ्यांचा मुकादम फावड्यावर रेलून म्हणाला, "सव्वानऊचे कुठे आहेत?"

"मीच."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चालत आलात?"

ताता मदिंगी म्हणाले, खड्डा बुजवून टाका. पण माभेलेंच्या भावकीतल्या म्हाताऱ्याने काठी आडवी घातली. उघडी कबर रिकामी बुजवायची नाही म्हणाला, ती कुणाला तरी हाक मारत राहते. शंभर माणसं माझ्याकडे पाहू लागली. कुणी म्हणालं, जोडा टाका. कुणी म्हणालं, कोंबडी. मुकादम म्हणाला, यादीत माणूस लिहिलाय, कोंबडी कशी चालेल?

तेवढ्यात गर्दीतून नोलुंदी पुढे आली. काळी शाल, हातात गुलाबी भांडं. कडेला जळका डाग. झाकण काढलं तर आत आमचा जुना माऊस, वायर नीट गुंडाळलेली.

"शेवटच्या दिवशी त्यांनी हा माझ्याकडे दिला," ती म्हणाली. "म्हणाल्या, त्या रादेबेला दे, त्याच्या बोटाचा अर्धा भाग यात आहे."

माभेले तिच्याकडे का गेल्या असतील हे मला अजून कळलेलं नाही. रस्ता चुकल्या असाव्यात.

म्हाताऱ्याने माऊस हातात घेऊन पाहिला. "बोट आहे म्हणता यात? मग माणूसच झाला." चर्चच्या बायकांनी एक लहान गाणं म्हटलं, माऊसच्या मानाने लांबच. मी माझ्या कबरीत उतरून तो ठेवला. खालून आकाश फार लहान दिसतं. डाव्या हाताला, मातीच्या पलीकडे, माभेले होत्या. मी हळूच विचारलं, "गाय सापडली का?"

वर यायला नोलुंदीने हात दिला. कोपर द्यायचं मी विसरलो, आख्खा हात दिला, बोटासकट.

सोमवार, १७ जुलै

आठला बसलो. पाच सेकंदांत बावीस. चार पूर्णांक चार. नऊची वेळ नोलुंदीला गेली आणि दहाची आम्हाला. कुणी रागावलं नाही.

दुपारी नोलुंदी आली. म्हणाली, त्या अर्जाचं काय केलं? मी कागद काढला. त्यात दोन चौकोन आहेत: 'कबर रद्द करावी', 'कबर राखून ठेवावी'. खाली वारसाचं नाव, सही आणि मृताशी नातं.

"वारस म्हणून माझं नाव घाल," ती म्हणाली. "सही करते. काय करायचंय, रद्द?"

मी विचार केला. माभेलेंच्या एका बाजूला तो माणूस, ज्याने कधी ऐकलं नाही. दुसऱ्या बाजूला कोण येईल ते नशिबावर. आणि मला तर अजून गाईचं कळायचं आहे. मी मूठ वळून, गाठीने, दुसरा चौकोन दाखवला.

तिने तिथे खूण केली, सही केली, आणि पेन थांबवलं. "नातं काय लिहू?"

"प्रतिस्पर्धी," मी म्हटलं.

तिने पेनला टोपण लावलं. मग माभेले करायच्या तशीच जीभ टाळूवर वाजवून म्हणाली, "तेवढं पेन्सिलीने लिही. नंतर खोडता येतं."

परवापर्यंत मला 'तुम्ही' म्हणायची, आज 'तू'. स्पर्धेतला आदर गेला, दुसरं काय. पण पेन्सिल आमच्याकडे नव्हती. उद्या तिच्याकडे जाऊन घेऊन येतो. जाताना आमाग्विन्या न्याव्यात असं वाटतं, भांडं तिच्याकडे आहेच.